घरचाच माणूस, मग नाव कशाला?

वाचकाचं पत्र (ओळख पटेल असा तपशील वगळून, थोडक्यात):

मी ४६ वर्षांचा आहे. तालुक्याच्या गावी राहतो, पतसंस्थेत वसुलीच्या कामाला आहे. चौदा-पंधरा वर्षं इथल्या हौशी नाट्यसंस्थेत राबतो. लेव्हल्स (रंगमंचावरचे चौथरे) आणि फ्लॅट (सेटच्या उभ्या चौकटी) रंगवणं, प्रॉपर्टी म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू जमवणं, प्रॉम्प्टिंग (विंगेतून संवाद आठवून देणं), तालमीसाठी शाळेचा हॉल मिळवणं, टेम्पो ठरवणं, रात्री सेट उतरवणं, सगळं माझ्याकडे. यंदा राज्य नाट्य स्पर्धेसाठी शहरातून एक अभिनेत्री बोलावली. तिला तालमीमागे पैसे आणि येण्याजाण्याचं भाडं दिलं. दिग्दर्शकही बाहेरचे, त्यांना मानधन. मी रंगाला आणि टेम्पोला घातलेले पैसे मात्र अजून मिळालेले नाहीत. प्राथमिक फेरीत आमचा दुसरा क्रमांक आला, गावात सत्कार झाला, त्यात माझं नाव घ्यायचं राहून गेलं. अध्यक्षांना (आम्ही त्यांना सर म्हणतो) बोललो तर हसून म्हणाले, "अरे, तू घरचाच माणूस, तुझं नाव कशाला घ्यायचं?" बायको म्हणते, लष्कराच्या भाकऱ्या पुरे झाल्या, सोडा आता. पण मी सोडलं तर संस्था बसेल. शिवाय हे मी सेवा म्हणून करतो, मग अपेक्षा वाटतेच कशी, याची लाज वाटते. नाही म्हणायला एकदा तरी बरी भूमिका करायची इच्छा होती, पण आता वय गेलं. काय करू?

उत्तर:

नमस्कार,

वरवर पाहता तुमची तक्रार एकच आहे, की तुम्हाला गृहीत धरलं गेलं. पत्र नीट वाचलं की मात्र तीन वेगळी दुखणी दिसतात: पैसे, नाव आणि भूमिका. पैशांबद्दल तुम्ही चिडून लिहिलं आहे, नावाबद्दल हिरमुसून, आणि भूमिकेबद्दल 'नाही म्हणायला' अशी सुरुवात करून एकच वाक्य, तेही अगदी शेवटी. तिघांचं औषध वेगळं आहे. नाव छापून आलं म्हणून टेम्पोचे पैसे परत येत नाहीत, आणि पैसे मिळाले म्हणून रंगमंचावर उभं राहायची हौस भागत नाही. तेव्हा 'सोडू की राहू' हा प्रश्न आत्ता बाजूला ठेवा, त्याच्याकडे शेवटी येऊ.

आधी त्या लाजेचं बघू. सेवा करतो म्हणून अपेक्षा नको, असं तुम्ही गृहीत धरून बसला आहात. पण तुमच्या संस्थेत अपेक्षेशिवाय काम करणारा एक तरी माणूस मला दाखवा. नटाला टाळी मिळते, दिग्दर्शकाला पारितोषिक आणि पुढच्या वर्षीचं बोलावणं मिळतं, अध्यक्षांना गावात मान आणि व्यासपीठावर खुर्ची मिळते. कॉलेजातली पोरं येतात त्यांना पुढे मालिकेत काम मिळेल अशी आशा असते. यात वाईट काहीच नाही. हौशी रंगभूमी अशाच लहानमोठ्या हौसांवर चालते. पगार नाही एवढाच 'हौशी'चा अर्थ. प्रत्येकाला त्यातून काही ना काही हवं असतं आणि बहुतेकांना ते मिळतंही. तुम्हाला काय हवं हे मात्र कधी कोणी विचारलं नाही, आणि तुमच्या पत्रावरून दिसतं की तुम्हीही कधी सांगितलं नाही.

तुमचे सर दुष्ट आहेत असं मला वाटत नाही. 'घरचाच माणूस' हे ते कौतुकानेच म्हणाले असतील. लग्नघरात घरच्यांनी शेवटच्या पंगतीला बसायचं, ही आपली रीतच आहे. पण त्या घरच्यांना लग्न ठरवतानाही विचारलेलं असतं. तुम्हाला विचारलं होतं का? बाहेरचा दिग्दर्शक आणायचा, अभिनेत्रीला पैसे द्यायचे, किती द्यायचे, ही संहिता घ्यायची, हे ठरलं तेव्हा तुम्ही खोलीत होतात की हॉलची किल्ली आणायला गेला होतात?

हा टोमणा नाही, कामाचा प्रश्न आहे. तुमच्या पत्रात 'सभासद' हा शब्द कुठेच येत नाही. आपल्याकडे बहुतेक नाट्यसंस्था १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि त्याबरोबर १९५०च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदलेल्या असतात. त्यांची घटना असते, सभासदांची नोंदवही असते, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, हिशेब तपासून धर्मादाय कार्यालयाला सादर करावे लागतात. वर्षानुवर्षं राबणारी कितीतरी माणसं या नोंदवहीत नसतातच. वर्गणीची पावती कोणी फाडली नाही आणि यांनी मागितली नाही, एवढंच कारण. तुमचं नाव त्या वहीत आहे का, ते आधी बघा. नसेल तर अर्ज द्या, वर्गणी भरा, पावती घ्या. सत्कारात नाव न घेतल्याचं दुःख मोठं असेल, पण या वहीत नाव नसणं त्याहून महाग पडतं. मत मांडायचा, हिशेब विचारायचा, कार्यकारिणीवर जायचा हक्क इथून सुरू होतो. आणि पतसंस्थेत काम करणारा माणूस खजिनदार म्हणून कोणत्या संस्थेला नको असेल?

आता पैसे. अभिनेत्रीला पैसे दिले याचा तुम्हाला राग आला आहे, त्यात मी तुमच्या बाजूने नाही. जरा तिच्या जागी उभे राहून पाहा. तालमी रात्री आठला सुरू होतात आणि अकराला संपतात. परतीची शेवटची एसटी केव्हाच गेलेली असते. घरी उत्तरं द्यायची, शेजारपाजारच्यांच्या नजरा सोसायच्या, नोकरी असेल तर सकाळी ती गाठायची. लहान गावांत स्त्री कलाकार मिळत नाहीत म्हणून अनेक संस्था कमी स्त्रीपात्रांची संहिताच शोधत फिरतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्यांना जे पैसे द्यावे लागतात, त्यात अभिनयाचा मोबदला थोडा आणि आपल्या गावाने बायकांना रात्री घराबाहेर राहणं अवघड करून ठेवलं आहे, त्याचा दंड जास्त. तिला मिळालं ते तुमच्या वाट्यातून गेलेलं नाही.

पण तिच्या भाड्याचा न्याय तुमच्या टेम्पोला का लागू नाही, हा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारलाच पाहिजे. इथे दोन गोष्टी वेगळ्या करा. मानधन म्हणजे तुमच्या वेळेचे, कौशल्याचे पैसे. ते तुम्हाला नको असतील तर नका घेऊ, ती तुमची खुशी. पण रंगाचा डबा, सुतळी, खिळे, टेम्पोचं भाडं, झेरॉक्स, पेट्रोल, शाळेच्या शिपायाला दिलेली बक्षिसी, हा संस्थेचा खर्च आहे आणि तो तुम्ही संस्थेच्या वतीने केला आहे. स्वयंसेवक वेळ देतो. त्याने पदरमोडही करायची असं कुठल्या घटनेत लिहिलेलं नसतं. शिवाय क्रमांक आला म्हणजे बक्षिसाची रक्कमही आली असणार, ती संस्थेच्या नावाने येते. त्यातून आधी कोणाची देणी फिटली, हे विचारण्यात गैर काय? दिवसभर लोकांच्या थकबाकीची वसुली करणाऱ्या माणसाची स्वतःची थकबाकी राहावी, याचं मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

यंदाचा खर्च एका कागदावर लिहा. तारीख, वस्तू, रक्कम, पावती आहे की नाही. गेल्या पंधरा वर्षांचं उकरून काढू नका. ते जुनं येणं मनातल्या मनात माफ करून टाका, नाहीतर बोलणं खर्चावरून उपकारांवर जाईल आणि उपकारांच्या हिशेबात कोणीच जिंकत नाही. यंदाची यादी खजिनदाराकडे द्या, पोच घ्या. पुढच्या वेळेपासून उचल आधी, खरेदी नंतर.

नावाचा मुद्दा तुम्ही सत्काराच्या भाषणापुरता ठेवला आहे. मला तो जरा मागे न्यावासा वाटतो. स्पर्धेसाठी कलाकार-तंत्रज्ञांची जी यादी दिली, त्यात नेपथ्य म्हणून कोणाचं नाव होतं? राज्य स्पर्धेत नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा यांना स्वतंत्र पारितोषिकं असतात. लेव्हल्स तुम्ही ठोकल्या, फ्लॅट तुम्ही रंगवले, आणि यादीत दिग्दर्शकांच्या ओळखीच्या कोणाचं नाव असेल, तर ते भाषणात विसरण्याइतकं निरुपद्रवी नाही. कदाचित आराखडा दुसऱ्याने काढला असेल आणि उभारणी तुमची असेल. तसं असेल तर तसं लिहावं: नेपथ्य अमुक, नेपथ्य निर्माण तमुक, रंगमंच व्यवस्था तमुक. पत्रिकेत दोन ओळी वाढतात, छापखानावाला त्याचे जास्त पैसे घेत नाही. प्रयोगाआधीच्या निवेदनातही ही नावं जायला हवीत, आणि ते निवेदन बहुधा तुम्हीच लिहून देत असाल. स्वतःचं नाव स्वतः लिहायला संकोच वाटत असेल तर ही यादी करायचं काम दुसऱ्या कोणाला द्या, पण कच्चा मसुदा नक्की बघा.

पडद्यामागच्या माणसाची समजूत घालताना आपल्याकडे थोरामोठ्यांची उदाहरणं देतात. त्यात अरुण काकडे यांचं नाव हमखास येतं. मुंबईच्या आविष्कार या प्रायोगिक नाट्यसंस्थेचा कारभार त्यांनी अनेक दशकं सांभाळला, छबिलदास शाळेत नाटकं होत त्या दिवसांपासून प्रयोगांची सगळी व्यवस्था पाहिली, आणि २०१४ साली पंढरपूरच्या नाट्यसंमेलनाचं अध्यक्षपदही त्यांना मिळालं. उदाहरण खरंच मोठं आहे. फक्त ते ऐकवून तुम्हाला कोणी गप्प बसवू लागलं, तर एक गोष्ट लक्षात आणून द्या. काकडेकाका संस्थेच्या स्थापनेपासूनचे, निर्णय घेणारे होते. आविष्कारने कोणतं नाटक करायचं, कोणाला संधी द्यायची, यात त्यांचा शब्द होता. विंगेत उभं राहणं आणि निर्णयाच्या वेळी बाहेर उभं राहणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत कमीपणा नाही, दुसरीत आहे.

आणि आता भूमिका, जिच्याबद्दल तुम्ही सगळ्यात कमी लिहिलंत.

'वय गेलं' म्हणता, ते मला पटत नाही. तुमच्यासारख्या संस्थांमध्ये बावीस वर्षांची पोरं केसांना पांढरी पावडर लावून आजोबा होतात आणि खोकून खोकून वय दाखवतात. सरपंच, मुख्याध्यापक, फौजदार, मुलीचा बाप, निवृत्तीला आलेला कारकून, या भूमिकांना पंचेचाळीस ते साठ वयाचा, थोडं पोट सुटलेला, कपाळावर आठ्या असलेला पुरुष हवा असतो आणि तो मिळत नाही, कारण त्या वयाची माणसं एव्हाना संसाराला आणि हप्त्यांना लागलेली असतात. तुम्ही तर प्रॉम्प्टर. प्रत्येक तालमीला हजर, सगळ्यांचे संवाद पाठ, कोण कुठे अडखळतो, कुठली एंट्री उशिरा येते, सगळं ठाऊक. तालमीत कोणी आजारी पडलं की त्याच्या जागी कोण उभं राहतं? मला वाटतं, तुम्हीच.

मग तुम्हाला भूमिका का मिळत नाही? माझा अंदाज सांगतो, चुकला तर सोडून द्या. एक म्हणजे, तुम्ही मागितलीच नाही. निदान ज्याला मागणं म्हणतात तसं नाही. चहा पिता पिता 'आम्हाला पण द्या की एखादा रोल' असं हसत म्हणालात, सगळे हसले, विषय संपला. दुसरं म्हणजे, तुम्ही रंगमंचावर गेलात तर विंगेत कोण, हा प्रश्न. तुमचं काम तुम्ही इतकं चोख करता की तुम्हाला तिथून हलवणं कोणालाच परवडत नाही. दिग्दर्शक वाईट असतो असं नाही, त्याला प्रयोग वेळेवर सुरू व्हायला हवा असतो.

यासाठी आधी एक प्रश्न स्वतःला विचारा, आणि उत्तर कोणाला सांगू नका. तिसरी घंटा झाली, प्रेक्षागृहातले दिवे गेले. त्या क्षणी तुम्हाला कुठे उभं असायला आवडेल? विंगेत हातात संहिता घेऊन, की अंधारात रंगमंचावर आपल्या जागी? उत्तर 'विंगेत' असं आलं, तर भूमिकेची इच्छा ही खरं तर आपल्याकडे कोणीतरी बघावं याची इच्छा आहे, आणि तिचा इलाज नावाच्या परिच्छेदात आहे. उत्तर 'रंगमंचावर' असं आलं, तर मागा. स्पष्ट, वेळेवर, आणि नाही ऐकायची तयारी ठेवून.

वेळेवर म्हणजे केव्हा, तर संहिता ठरायच्या आधी. प्राथमिक फेऱ्या बहुधा दिवाळीच्या पुढे-मागे असतात, म्हणजे पावसाळ्यात नाटकांची वाचनं सुरू झालेली असतात. ऑक्टोबरात मागितलेली भूमिका कोणी देत नाही, तेव्हा फक्त टेम्पो मागायचे दिवस असतात. जूनमध्येच सांगा की यंदा वाचनाला मी नट म्हणून बसणार. लगेच दोन अंकी नाटकातली मोठी भूमिका मागू नका. एखादी एकांकिका, गणेशोत्सवातला प्रयोग, दोन प्रवेशांची भूमिका, इथून सुरुवात करा. प्रॉम्प्टरला संवाद येतात, पण ते कुजबुजत्या आवाजात येतात. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणं, हातांचं काय करायचं, समोरचा बोलत असताना नुसतं ऐकत उभं राहायचं, हे शिकायला तुम्हालाही तालीम लागेलच. आणि दिग्दर्शकाने वाचन ऐकून नाही म्हटलं, तर ते तुमच्या पंधरा वर्षांना दिलेलं उत्तर मानू नका. ते एका वाचनाला दिलेलं उत्तर असतं.

'मी सोडलं तर संस्था बसेल' या वाक्यापाशी मी सगळ्यात जास्त थांबलो. ते खरं असेलही. पण त्यात अभिमान किती आणि काळजी किती, ते तपासा. हॉलच्या शिपायाशी तुमचीच ओळख, टेम्पोवाल्याचा नंबर तुमच्याच फोनमध्ये, कुठली लेव्हल कुठे लागते ते तुमच्याच डोक्यात. परिनिरीक्षण मंडळाच्या (नाटकाची संहिता तपासून प्रयोगाला परवानगी देणाऱ्या) प्रमाणपत्राची आणि लेखकाच्या संमतीपत्राची फाइलसुद्धा तुमच्याच कपाटात असेल, तर आश्चर्य वाटणार नाही. एवढं सगळं एका माणसात साठलं, याला संस्थेचा आळस कारण आहे तसेच तुम्हीही कारण आहात. 'त्यांना सांगण्यापेक्षा मीच करतो, लवकर होतं' हे वाक्य तुम्ही किती वेळा म्हटलं असेल! त्या वाक्याने तुम्ही संस्थेला अडकवलं आणि स्वतःही अडकलात.

त्यावर उपाय साधा आहे. एक जाड वही करा. त्यात प्रवेशवार प्रॉपर्टीची यादी, कुठली वस्तू कुठल्या विंगेत, कोण आत नेणार आणि कोण बाहेर आणणार. रंगमंचाचा आराखडा मापांसकट. प्रकाशाचे आणि संगीताचे क्यू, म्हणजे इशारे, कुठल्या वाक्यावर. सेट लावायला किती माणसं आणि किती वेळ. सगळे फोन नंबर, सगळ्या कागदपत्रांची जागा. मग दोन तरुण निवडा, शक्यतो एक मुलगी आणि एक मुलगा, आणि पुढच्या प्रयोगाला ती वही त्यांच्या हातात देऊन तुम्ही प्रेक्षागृहात बसा. ती दोघं चुकतील, एखादा ब्लॅकआउट लांबेल, कंदील डावीकडच्या विंगेऐवजी उजवीकडे सापडेल. उठू नका. (हे तुम्हाला भूमिकेपेक्षा अवघड जाईल, याची मला खात्री आहे.) त्या दिवशी शेजारच्या खुर्चीवर तुमच्या पत्नी असू द्या. इतक्या वर्षांत तुमच्याबरोबर बसून त्यांनी एकही नाटक पाहिलं नसेल. लष्कराच्या भाकऱ्या असं त्या म्हणतात, तेव्हा त्यांना नाटक नकोसं झालं आहे की तुमचं रात्री एकला चिडचिडत घरी येणं, तेही विचारून घ्या. पदरमोड झाली ती त्यांच्याही पदरातून झाली आहे.

आता सोडण्याबद्दल. माणसं संस्था सोडतात आणि त्यातून चांगलंही घडतं. पुण्यात १९७३ साली प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमधून बाहेर पडलेल्या मंडळींनी थिएटर अकॅडमी काढली. त्याआधी १९७१मध्ये रंगायन या नाट्यसंस्थेतून निघालेल्यांनी मुंबईत आविष्कार उभी केली. पण थिएटर अकॅडमीवाल्यांच्या हातात एक नाटक होतं, थांबवलं गेलेलं, आणि ते त्यांना पुढे करायचंच होतं. तुमच्या हातात आत्ता फक्त राग आहे. रागावर नवी संस्था निघते, पण पहिल्या तालमीला हॉल कोण बघणार, या प्रश्नाला सगळे पुन्हा तुमच्याकडेच बघतील. त्यापेक्षा एक वर्ष जाहीर सुट्टी घेणं बरं. रुसून फोन न उचलणं वेगळं आणि 'या वर्षी मी नाही, वही तयार आहे, ही दोघं बघतील' असं सभेत सांगणं वेगळं. त्या वर्षात एखाद्या शाळेच्या बालनाट्याला किंवा कॉलेजच्या एकांकिकेला हात द्या. तिथे तुमच्या अनुभवाची किंमत चटकन कळेल, त्यांनाही आणि तुम्हालाही. मात्र यंदाचे पैसे मिळाले नाहीत, बोलल्यावर खिल्ली उडवली गेली, सभासदत्वाचा अर्जही दाबून ठेवला, असं झालं तर सोडा. तेव्हा मला पुन्हा विचारायची गरज नाही.

सरांशी बोलायचं ते तालमीनंतर नको, प्रयोगाच्या दिवशी तर नकोच, आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच नको. रविवारी सकाळी त्यांच्या घरी जा. बोलणं साधारण असं ठेवा: "सर, संस्था सोडायची माझी इच्छा नाही. पण तीन गोष्टी बोलायच्या होत्या. यंदा माझे एवढे रुपये लागलेत, ही यादी. पुढच्या वेळी उचल आधी मिळावी. मी जे काम करतो ते यादीत आणि पत्रिकेत माझ्या नावाने यावं. आणि पुढच्या नाटकाच्या वाचनाला मी नट म्हणून बसणार आहे. माझ्या जागी दोघांना तयार करायला आतापासूनच लागतो." बस. चौदा वर्षं, बायको, सत्कार, अभिनेत्री, यातलं काहीही तोंडातून काढू नका. ते म्हणतील, "तूसुद्धा पैशाचं बोलायला लागलास?" तेव्हा ओशाळून हसू नका. "हो सर, बोलायला लागलो," एवढंच म्हणा आणि यादी पुढे करा. खरं सांगायचं तर बरेच अध्यक्ष अशा वेळी विरघळतात. त्यांना खरोखरच कळलेलं नसतं, कारण कळवलेलं नसतं.

तुमच्यासारखी पत्रं आणखीही येतात, म्हणून दोन शब्द बाकीच्यांसाठी. संस्थेत कपडेपट आणि चहा आपसूक बायकांकडे आणि टेम्पो-हातोडी आपसूक पुरुषांकडे जाते, ती वाटणी दर नाटकाला मोडा. मुख्य भूमिका करणाऱ्याने मेकअप उतरवून गाडीला किक मारायची आणि इतरांनी लेव्हल्स वाहायच्या, हे बंद करा. सेट टेम्पोत चढेपर्यंत कोणीही घरी जाणार नाही, हा नियम पहिल्या वाचनालाच सांगितला तर कोणी कुरकुरत नाही, प्रयोगाच्या रात्री सांगितला तर सगळ्यांच्याच घरी पाहुणे आलेले असतात. आणि संस्थाचालकांना कळकळीची विनंती: मध्यरात्री सेटवर, टेम्पोच्या मागे पोरांना बसवून आणू नका. ती मजा वाटते, पण घाटात एक वळण चुकलं तर ती कोणाची जबाबदारी, याचं उत्तर तुमच्याकडे नाही. दिवे आणि वायरिंगचं काम जाणत्या माणसालाच द्या, गट अपघात विम्याची चौकशी करा. पंचवीस-तीस माणसांचा हप्ता एका दिग्दर्शकाच्या मानधनापुढे फार होत नाही.

तुम्हाला शेवटचं एकच. पुढच्या प्रयोगाची तारीख ठरली की सवयीने तुमचा हात फोनकडे जाईल. आधी खजिनदाराकडून भाड्याची उचल घ्या, सही करा, आणि मग टेम्पोवाल्याला फोन लावा.